सुमनचा प्रश्न

अरुणाताई गाईडचं एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या आणि सुमन मान डोलावत होती. लंडनच्या कॉर्नहिल रस्त्यामागच्या अरुंद गल्लीत दहा-बारा माणसं मार्व्हाभोवती कोंडाळं करून उभी होती. मार्व्हा निवृत्त शिक्षिका, जमेकाहून आलेल्या आईबापांची मुलगी. दर शनिवारी ती लोकांना पायी हिंडवून लंडनमधल्या गुलामांचा इतिहास सांगायची.

"तीनशे वर्षांपूर्वी इथे कॉफीहाउसं होती," ती म्हणाली. "गुलाम पळाला की मालक पेपरात जाहिरात द्यायचा. सापडला तर अमक्या कॉफीहाउसात आणून द्या, म्हणून."

तिने कागद काढून तशी एक जाहिरात वाचून दाखवली. हिंदुस्थानातली मुलगी, वय पंधरा, अंगावर निळा झगा, मंगळवारी मालकाच्या घरून निघून गेली आहे.

अरुणाताई चरकल्या. पंचेचाळीस वर्षं त्यांनी या देशात काढली होती, त्यातली तीस हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून. गुलाम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे आफ्रिकाच यायची.

"अगं, आपल्याकडची मुलगी," त्या सुमनला म्हणाल्या. "विकत घेऊन आणलेली. याच रस्त्यांवरून धावली असेल बिचारी." सुमनने मार्व्हाच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

खरं तर या फेरीची तिकिटं त्यांच्या नातीने, उर्वीने, स्वतःसाठी आणि आजीसाठी काढली होती. सकाळी तीच म्हणाली, "आजी, मी आजोबांजवळ बसते. तू सुमनमावशीला घेऊन जा ना. ती कधी लंडन बघितलाच नाही." अरुणाताईंना तिच्या मराठीचं हसू आलं, आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं. अरुणाताईंच्या नवऱ्याचं, कमलाकररावांचं, अंग लुळं पडलं तेव्हा त्यांच्या मुलाने, अंबरीशने, त्यांची देखभाल करायला पुण्याहून सुमनला आणलं. त्याला दीड वर्ष होऊन गेलं. पिनर या उपनगरातलं घर, मागची बाग आणि कोपऱ्यावरचं दुकान, एवढंच तिने पाहिलं होतं. पण घरात ती घरच्यासारखी होती. जेवायला त्यांच्याच टेबलावर बसायची. दिवाळीत तिला भोरला जायचं होतं, मुलीच्या बाळंतपणाला. अंबरीश म्हणाला, "बाबांना कोण बघणार? पुढच्या वर्षी जा." अरुणाताईंनी बाळासाठी चार मऊ दुपटी आणि स्वेटर पार्सलने पाठवून दिले. विषय मिटला, असं त्यांना वाटलं होतं.

"पळालेल्यांतले सगळेच काही भिंतीवरून उड्या मारून गेले नाहीत," मार्व्हा सांगत होती. "कुणाला बाजारात पाठवलं, ते परत आलंच नाही. पुढे काय झालं, ते बहुतेकांचं आपल्याला ठाऊक नाही."

अरुणाताईंनी तेही सांगितलं. तेव्हा सुमन पहिल्यांदा बोलली. "पहिल्या रात्री कुठं राहिली असंल ती?"

अरुणाताईंना तिचं कौतुक वाटलं. त्यांनी प्रश्न इंग्रजीत सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला. मार्व्हा खूश झाली. "या शहरात आधी सुटून आलेली माणसं होती," ती म्हणाली. "ती दार उघडायची."

सुमनने ते ऐकलं. कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. मग हळू आवाजात म्हणाली, "आत्ता कुणाला निघायचं असलं तर कुठं जायचं असतं, तेवढं विचारा."

अरुणाताईंना क्षणभर अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या घाईघाईने इंग्रजीत म्हणाल्या, "ह्या इतिहासाचं एखादं म्युझियम आहे का, असं ती विचारते आहे."

मार्व्हा उत्तर देऊ लागली. सुमनने अरुणाताईंच्या कोपराला हात लावला.

"काकू, मी हे नाही विचारलं. तेवढं इंग्रजी कळतं मला आता."

"सुमन, अगं..." अरुणाताई तिच्याकडे वळल्या. "तुला आमच्याकडे काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही, काकू. जाता येत नाही. पोरीचं बाळ रांगायला लागलं."

आवाजात राग नव्हता. साहेबांना औषधाची गोळी दिली, हे ती रोज याच सुरात सांगायची.

लोक दोघींकडे बघत होते. मराठी कुणाला कळत नव्हतं, पण काहीतरी घडलंय एवढं कळत होतं. अरुणाताईंच्या मनात उत्तरं भराभर गोळा झाली. व्हिसाचं सगळं अंबरीश बघतो. पुढच्या वर्षी नक्की. आपण काय परके आहोत का? त्या गल्लीत, त्या माणसांमध्ये, त्यांतलं एकही उत्तर त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. सुमन वाट बघत उभी होती. तिचा हात अजून कोपरावरच होता.

"सॉरी, मी चुकीचं सांगितलं," अरुणाताई मार्व्हाला म्हणाल्या. मग त्यांनी सुमनचा प्रश्न जसाच्या तसा, शब्दाला शब्द, इंग्रजीत विचारला.

मार्व्हाने हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि ती दोघींच्या अगदी जवळ आली.

"कुणासाठी विचारताय?"

"हिच्यासाठी."

"मदत करणारी माणसं आहेत. मी आत्ता फोन लावून देते," मार्व्हा म्हणाली. "पण तिचा पासपोर्ट? तो आहे ना तिच्याजवळ?"

तो एक शब्द सुमनला भाषांतराशिवाय कळला. तिने मार्व्हाकडे पाहिलंच नाही. ती अरुणाताईंकडे बघत राहिली.

"नाही," अरुणाताई म्हणाल्या. "दीड वर्ष तो माझ्या कपाटात आहे. कुलपात."