बोटीवरचा अबोला

"ही बोटीवर येते ती फक्त चहापुरती," असं मी मित्रांसमोर बोलून गेलो आणि बायकोने अबोला धरला. मग दोन दिवस आमच्या शिडाच्या बोटीवरचा सगळा संसार वहीतून चालला.
'साखर कुठे आहे?'
'डोळ्यांसमोर.'

तिसऱ्या दिवशी वारा पिसाळला, त्यात किनाऱ्यालगत मालवाहू जहाजांची ही भली मोठी रांग!

"अहो, शीड उतरवा आधी!"

"अगं, डावीकडे घे, जहाज आलं!"

"दिसतंय मला!"

सुकाणू तिच्याच हातात होतं. बोट सुखरूप बंदरात आणली तीही तिनेच.

दोर बांधून मी हुश्श केलं. "जीव वाचला, वर अबोलाही सुटला! आता टाक बघू फक्कड चहा."

तिने शांतपणे वही पुढे ओढली आणि लिहिलं,



'वादळातलं बोलणं धरायचं नाही.'