स्टेपर की सर्वो

लाकूड कोरणारं सीएनसी मशीन सूनबाई घरीच बांधत होती. सगळं जमलं होतं, घोडं अडलं होतं ते मोटरपाशी.

"ही साधी स्टेपर," तिने सासूबाईंना समजावलं. "सांगितलं तेवढी फिरते. पण मध्येच अडकली तरी हिला पत्ता नसतो, काम झालं असंच धरून चालते. ही सर्वो मात्र खरंच पोचले का ते बघते, चुकलं तर सावरून घेते."

"स्वस्तातली घे गं," मोबाइलमधून डोकं वर न काढता नवरा म्हणाला.

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. "नळाचा वॉशर बदललास का रे?"

"झालं की ते केव्हाच!"

स्वयंपाकघरात नळ टपटप गळतच होता.

"तू सर्वोच घे, बाई," सासूबाई म्हणाल्या. "स्टेपर तर तुला लग्नातच दिलाय."