बिनदाराच्या घरावरची जाहिरात

"थांब!" रंगनाथ मास्तर सायकलवरून उतरता उतरताच ओरडले, आणि शिडीवर उभ्या मच्छिंद्र पेंटरचा ब्रश हवेतच राहिला. "लॉक नाही, लॉक्ड! पुढचे ई आणि डी कुठं गेले?"

लंकाबाई अंगणात सडा टाकत होती. तिने तांब्या खाली ठेवला. सकाळपासून सगळं सुरळीत चाललं होतं. जाहिरातीच्या बदल्यात पेंटरने दर्शनी भिंत चुन्याने फुकट पांढरी करून दिली होती, तिच्यावर निळी इंग्रजी अक्षरं उमटत होती, आणि उन्हं कलायच्या आत मिरजगावचे पाहुणे तिच्या लेकीला, पुष्पाला बघायला यायचे होते. मुलाची आई केशरबाई मध्यस्थाजवळ आधीच बोलली होती : शिंगणापुरात घरांना दारं नसतात म्हणं, तिथली पोरगी आमचं भरलं घर काय सांभाळणार? दार बसवणं लंकाबाईच्या हातात नव्हतं. शनिदेवाचं गाव, राखण त्याचीच. चौकटीला फळी नाही, की कडी नाही. निदान भिंत तरी पांढरीशुभ्र दिसावी, एवढंच तिला करता येत होतं.

"मास्तर, बरं चाललंय त्येचं. लिहू द्या की."

"बरं? बाई, ह्याच चुकीसाठी मी वर्गात छड्या मारतो. उद्या पोरं हीच भिंत दाखवतील मला!"

ओट्यावर सुपारी कातरत बसलेला सहादेव तेवढ्यात बोलला. हा लंकाबाईचा चुलतदीर. देवळालीच्या मिल्ट्री कॅन्टीनमध्ये बश्या विसळून आल्यापासून गावात इंग्रजीचा दुसरा मालक. "मास्तर, सायबलोक आइस क्रीम म्हनतात. आइस्ड क्रीम म्हनल्यालं ऐकलंय का कुनी?"

"मुळात ते आइस्डच होतं! लोकांनी शेपूट तोडलं."

"मग ह्येचंबी तोडू द्या. बिनशेपटाचं हलकं पळतं."

"आणि स्किम्ड मिल्क? दुष्काळात दुधाची पावडर वाटली, तिच्या डब्यावर काय होतं? स्किम्ड! ह्या डोळ्यांनी वाचलंय."

"आमच्या कॅन्टीनच्या डब्यावर स्किम हुतं."

दुष्काळातला तसला एक डबा लंकाबाईच्याच घरात होता, आता मिठाचा झालेला. मीठ परातीत ओतलं गेलं, डबा उन्हात धरला गेला. पण मिठाने असा नेमका गंज चढवला होता, की अलीकडची अक्षरं लख्ख आणि जिथं शेपूट असायचं तिथं भोक. त्या भोकातून मास्तरांना ई-डी दिसलं, सहादेवला आभाळ.

"मावशी," शिडीवरून मच्छिंद्र म्हणाला, "मी पारनेरकडचा अडाणी मानूस. कागदावर आसंल तसं काढतो. ह्यांना म्हना, एक काय ते ठरवा. रंग वाळाय लागला."

पण ते दोघे फ्राय अंड्यावर पोचले होते. तिथून टोस्टवर, टोस्टवरून बॉइल बटाट्यावर. खोटं वाटेल, पण त्या दुपारी अंगणातली शेळीसुद्धा ओरडताना शेवटी डी लावायला लागली होती. सावल्या लांबल्या. मीठ परातीत, डबा मातीत, भिंत अर्धवट, आणि पाहुणे वाटेवर.

लंकाबाईने पदर खोचला. "गप बसा दोघंबी! इंग्रजी नको मला, आन् शेपूटबी नको. मराठीत सांगा, काय इकायचंय ह्या मानसाला? सकाळी इचारलं तर म्हनला, झोपलेल्या बाप्याचं चित्र काढायचंय. म्हनलं, गादी आसंल."

मास्तरांनी वर्गात करतात तसा घसा साफ केला. "नीट कुलूप लावलेलं घर, शांत झोप."

"लावलेलं कशाला? नीट कुलूप घर..." सहादेव म्हणाला, आणि त्याचा अडकित्ता सुपारीवरच थांबला.

 शेळी मोकळ्या चौकटीतून आत गेली, परातीतलं मीठ चाटून बाहेर आली.

"कुलूप," लंकाबाई म्हणाली. "माझ्या भिंतीवर. ह्या गावात. आन् तुमी शिकल्यालं लोक दुपारपासनं त्येचं शेपूट धरून बसलाय!"

मच्छिंद्र शिडीवरून उतरला नाही, घसरलाच. बादलीच्या बुडाचा चुना ढवळून त्याने अक्षरांवर फासला. "मावशी, वल्या चुन्यातनं खालचं दिसतं. वाळला की झाकंल."

वाळेपर्यंत थांबतंय कोण? घुंगरं वाजली आणि घोडेगावच्या फाट्याकडून आलेली बैलगाडी अंगणात उभी राहिली.

केशरबाई उतरली. अंगावर भारी लुगडं, कमरेला चांदीच्या छल्ल्यात किल्ल्यांचा जुडगा, पावलागणिक वाजणारा. तिने आधी मोकळी चौकट पाहिली, मग ओली भिंत, मग चुन्याखालून डोकावणारी निळी अक्षरं.

"काय लिव्हलंय म्हनायचं हे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. लंकाबाईने नुसतं वळून बघितलं. मास्तरांनी ते मिटलं.

गादी, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. शब्द लंकाबाईच्या जिभेवर आलाही होता. तेवढ्यात जुडगा पुन्हा वाजला.

"तुमच्या कमरेला हाय ना, त्येचं लिव्हलं हुतं," ती म्हणाली. "आमच्यात लागत न्हाई. म्हनून पुसलं."

सहादेवने डोळे मिटून घेतले. केशरबाई उंबऱ्याशी थबकली. आत पुष्पा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिच्यामागे उघडं फडताळ, उघडी पेटी, उघड्यावर टांगलेला तिचा नवा खण. सगळं घर एका नजरेत मावत होतं.

केशरबाईने जुडगा कमरेतून उपसला, वाजू नये म्हणून मुठीत दाबला, पदरात गुंडाळला, आणि मग आत पाऊल टाकलं.