शेवटची माशी कधी मोजलीत?

“सर, तुम्ही स्वतः शेवटची माशी कधी मोजली होती?”

हा प्रश्न विचारून दाखवायची मैत्रिणींनी लावलेली पैज केतकीने जिंकली! संशोधन संस्था बघायला आलेला नववीचा अख्खा वर्ग खिदळला. संशोधनाच्या पोस्टरवर हसरा फोटो प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, म्हणजे या मोठ्या सरांचा होता, पण सकाळपासून सूक्ष्मदर्शकाखाली लाल आणि पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या दाखवत होती ती त्यांची विद्यार्थिनी, शलाकाताई. पीएचडीसाठी त्या माश्या वर्षानुवर्षं तिनेच तर मोजल्या होत्या.

सरही हसले. मग शलाकाताईकडे वळून म्हणाले, “मुलींना छान पढवलंयस. तुझ्या प्रबंधावरच्या सहीचं आता सावकाश बघू.”

“सर, मी काहीच...” ताई सांगू लागली.

“अहो सर, ही आमची पैज होती!” केतकी ओरडली. पण सर केव्हाच निघून गेले होते, आणि वर्गाबरोबर आलेल्या बाई तिला दंडाला धरून बसकडे न्यायला लागल्या होत्या.

“जाऊ दे गं, इथे असंच असतं,” ताई एवढंच म्हणाली. निदान रागवायचं तरी!

घरी जेवताना केतकीने सगळं सांगितलं. “फोन करून सरांना सॉरी म्हण, विषय संपव,” आई म्हणाली.

“सॉरी कशाबद्दल? प्रश्न विचारला म्हणून?” केतकीने ताट सरकवलं. “आई, बाबा, उद्या मी शाळेत जाणार नाहीये. पैज लावणाऱ्या तिघींना घेऊन सरांच्या केबिनबाहेर बसणार आहे. प्रश्न आमचा होता, ताईचा नव्हता, हे ते ऐकून घेईपर्यंत!”