प्रोटॉनची राखण

सगळं जग ज्या प्रोटॉनांचं बनलंय, त्यातला एखादा कधीतरी आपसूक तुटतो का, हे पाहायला प्रेमा परदेशात एका डोंगराच्या पोटात, पाण्याच्या अवाढव्य टाकीपाशी बसली होती. तुटला तर पाण्यात बारीकसा उजेड चमकणार होता. चार वर्षं झाली, काही चमकलं नाही. तोंड पाडून ती आटगावला घरी आली, तेव्हा तिचा बाप धाऊ खळ्यावर भात झोडत होता.

"एक पण तुटला नाय?"

"एकही नाही, बाबा."

धाऊने हातातली पेंढी खाली ठेवली. खळ्याची राखण करून सकाळी 'काय गेलं नाय' म्हणणाऱ्याला गावात मान होता, आणि इथे तर त्याच्या पोरीने डोळ्यांत तेल घालून अख्खं जग राखलं होतं. शहापूरहून पेढे आणून त्याने घरोघर वाटले. प्रेमाने समजावून पाहिलं, मग स्वतःच दोन खाल्ले. परत गेली ती हसतच.

पुढच्या वर्षी पाण्यात उजेड चमकला. खात्री व्हायची होती, पण प्रेमाला धीर कुठला. तिने शेजाऱ्यांकडे फोन लावून बापाला बोलावून घेतलं.

"बाबा, बहुतेक एक तुटला!"

पलीकडे धाऊने शेजाऱ्यांकडे पाठ फिरवली. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"एकच ना? मग साहेबाला सांगू नको गो. एवढ्या मोठ्या राखणीत एखादा जायचाच."