जिना चढताना

पेशंटचं नाव आमच्यापर्यंत येत नाही, नुसता सीटी स्कॅन येतो. त्यावरून मी कॉम्प्युटरवर हृदयाची झडप उभी करते आणि तिच्यावरचा दाब वाढवत नेते. ताण वाढला की लाल रंग उमटतो. आजची झडप भलतीच कडक झालेली. ‘चालताना’ निवडलं, कडा केशरी झाल्या. ‘जिना चढताना’ निवडलं, अख्खी झडप लालभडक! स्कॅन सहज वर सरकवला आणि तिथेच थांबवला. खांद्याजवळच्या हाडावर प्लेट, पाचवं भोक रिकामं. बाबा शिडीवरून पडले तेव्हा अशीच बसवलेली. “बाबांचा एक स्क्रू कमी,” म्हणून आम्ही अजून चिडवतो. तेवढ्यात त्यांचाच फोन. “घाबरू नकोस गं, तुझ्यापासून एक गोष्ट लपवलीय. समोरासमोर सांगावी म्हणून तुझ्या ऑफिसात आलोय.” आवाजात धाप होती. “कुठे आहात बाबा?” “लिफ्ट बंद आहे. दोन मजले चढलो, दोनच राहिले.”