घरची चटणी

"दारू किती वर्षं घ्यायचे?"

बजाबाईला हा प्रश्न पाठ झाला होता. कोंडीबा यकृताच्या कॅन्सरनं गेला, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून अख्ख्या भवानी पेठेनं तो विचारून झाला होता. ही आहाराचा सल्ला देणारी ऋतुजा मॅडम निदान कागदावर लिहून घ्यायला तरी विचारत होती.

"थेंब न्हाय घेतला कदी," बजाबाई म्हणाली.

पोटच्या पोराचाही विश्वास नव्हता. सयाजीनं बापाचा फोटो उतरवून ट्रंकेत टाकला होता. एकतरी शिकलेला माणूस म्हणू दे की ते पीत नव्हते, त्याच दिवशी परत लावतो, एवढं मात्र त्यानं कबूल केलं होतं. बापाचं दुखणं पोराला होऊ नये, म्हणून ती आज या आरोग्य शिबिराला आली होती. पण मनातून तिला तो फोटो भिंतीवर हवा होता. सयाजी बाहेर गाडी लावत होता.

मॅडमनं घरच्या जेवणाचं विचारलं, तशी बजाबाई खुलली. शेंगाचटणी विकायचा तिचा धंदा, आणि पेठेत तिच्या चटणीचं नाव होतं. दाणे ती डोळ्यांत तेल घालून निवडायची. टपोरे गिऱ्हाइकाला आणि सयाजीला. तिला स्वतःला शेंगदाण्यानं पित्त व्हायचं. काळे पडलेले, बुरशी धरलेले दाणे बाजूला काढायची, पण अन्न टाकायला तिचा हात धजत नसे. खरपूस भाजून, लसूण-तिखट जास्त घालून कुटले की वास मरायचा. ती चटणी कोंडीबाची. कारखान्यात न्यायच्या डब्यात वीस वर्षं भाकरीबरोबर तीच, आणि तो बोटं चाटून खायचा.

मॅडमचं पेन थांबलं. असल्या बुरशीत विष असतं, तिनं हळू आवाजात सांगितलं. भाजून-कुटून ते जात नाही. वर्षानुवर्षं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो.

"दारू न पिता बी?"

"न पिताही. तुमचंच खरं असणार, मावशी. ते पीत नसतील."

चार वर्षं बजाबाई हेच ऐकायला आसुसली होती. कशीबशी ती उठली.

सयाजी दारातच भेटला.

"काय म्हनल्या मॅडम? लावू का फोटो?"

बजाबाईनं पदर सारखा केला. त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"ऱ्हाऊ दे ट्रंकेत. पीतच व्हते तुजे बाबा."